दहा किलोंना किती झुकतं

मागच्या खोलीतल्या टेबलावर पितळेचे सात कॅम होते. त्यांतला एक जुना, मधोमध तडकून दोन तुकडे झालेला. म्हणजे तुकडेच मोजायचे तर आठ. बाकीचे सहा धाकट्याने स्वतः बनवलेले. सहांपैकी पहिल्याची खाच भलत्याच कोनात गेली होती, दुसऱ्याची कड करवतीसारखी दातेरी झाली होती, आणि उरलेले चार दिसायला अगदी देखणे होते. त्याचं डोकं फिरवलं होतं ते या चार देखण्यांनी. टेबलाच्या कडेला शतांश मिलिमीटरची हालचालही काट्याने दाखवणारा एक डायल गेज, पोलादी पिनांची एक पेटी, सामान तोलायचा एक आकडीवाला काटा, रेतीची अर्धी पिशवी आणि साय धरलेला एक कप चहा. समोर, सिमेंटच्या लादीवर, बावन्न किलोंचं, धातू कोरायचं मिलिंग मशीन.

धाकट्याने सहाव्या कॅमच्या खाचेत पिना घालून पाहिल्या. एकेक शतांश मिलिमीटरने जाड होत जाणाऱ्या त्या पिना; जी शेवटची आत जाते, तेवढी खाचेची रुंदी. एका टोकाला ६.०३, मधे ६.०८, दुसऱ्या टोकाला ६.१५. हवी होती सगळीकडे सहा, फार तर ६.०५. त्याने पिन काढली, पुसली, पुन्हा घातली. तेच. दोष पिनेचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी त्याने तिसऱ्यांदा घातली. मग सहावा कॅम त्याने पाचव्याशेजारी ठेवला, जरा जोरातच.

बाहेरून दादाने विचारलं, "काय म्हणतायत मायक्रॉनशेठ?"

धाकट्याचं हे नाव दादानेच पाडलं होतं, मशीन घरात आलं त्या दिवशी. दोघांनी ते जिन्यावरून वर आणलं होतं आणि दादाची पाठ धरली होती. तेव्हापासून या मशीनवर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं दादा मानायचा.

कॅम लागत होता वहिनीच्या विणकाम यंत्राला. समोरच्या खोलीत खिडकीखाली दोनशे सुयांचं ते लांबलचक यंत्र उभं होतं. सुयांच्या रांगेवरून एक ठोकळा इकडून तिकडे सरकवायचा. त्या ठोकळ्याच्या पोटात हा कॅम. प्रत्येक सुईला मागे एक टाच असते, ती कॅमच्या तिरक्या खाचेतून चढते आणि उतरते, आणि त्या चढउतारात एक टाका पडतो. खाच अरुंद झाली तर टाच अडकते, सुई वाकते. रुंद झाली तर टाच आत डुलते, सुई पुरती वर येत नाही, आणि टाका सुटतो. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळून जमाना झाला होता. सुटे भाग कुठेच मिळत नव्हते.

वहिनी साधे स्वेटर विणत नसे. साधे दुकानात ढिगाने मिळतात. तिच्याकडे यायची ती दुकानातलं काही अंगाला न बसणारी माणसं: पाठीला बाक आलेले एक निवृत्त शिक्षक, एक हात दुसऱ्याहून आखूड असलेली एक मुलगी, खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर डोक्यावरून काही घालता न येणारी शेजारीण. वहिनी टेप घेऊन त्यांना उभं करायची, कुठे किती टाके कमी आणि कुठे जास्त याचा हिशोब तोंडी करायची, आणि स्वेटर असा बसायचा की माणूस आरशात वळून वळून बघायचा. कॅम तडकल्यापासून लोकरीच्या पिशव्या भिंतीशी एकावर एक चढल्या होत्या. दोन पिशव्या तिने परत केल्या होत्या. शिक्षकांची पिशवी परत करताना ते म्हणाले होते, काही घाई नाही, गेल्या वर्षीचा आहे की. आणि गेल्या वर्षीचा कोपरावर किती विरलाय हे वहिनीला दिसत होतं.

तशात होजियरीच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. मालकाला अनुभवी बाई हवी होती. काम काही वाईट नव्हतं. पण तिथे एकाच मापाची बाही दिवसभर. सोमवारी सांगते, असं वहिनीने कळवलं होतं. आणि उद्या सोमवार होता.

यातलं सगळ्यात वाईट म्हणजे, वहिनी अगदी पहिल्याच दिवशी तडकलेला कॅम रुमालात बांधून वर्कशॉपकडे निघाली होती. तिला दारात अडवलं धाकट्याने. "मी आहे ना," असं म्हणाला होता तो. पुढे दादा गपचूप वर्कशॉपमध्ये जाऊन आला, तेव्हा तिथे हंगामाचं काम चढलेलं होतं. एका नगासाठी मशीन कोण अडवणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यामुळे आता "मी आहे ना" हे वाक्य घरात कुणी उच्चारत नसलं तरी प्रत्येकाला ऐकू येत होतं.

धाकटा धान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होता. गव्हात, मक्यात पाणी किती टक्के ते मोजायचं. मोजणं हा त्याचा पोटाचा धंदा आणि तोच त्याचा छंद. मिलिंग मशीन आणल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर ते किती वाकडं आहे ते मोजलं. कटर धरणारं डोकं ज्या खांबावरून वरखाली होतं, तो खांब बैठकीशी काटकोनात हवा. तो पुढे कलला होता, दोनशे मिलिमीटर उंचीत बारा शतांश. एवढा कल उघड्या डोळ्यांना दिसत नाही. धाकट्याला मात्र तो कळल्यापासून जेवण गोड लागेना. खांब बैठकीवर चार बोल्टांनी आवळलेला होता. त्याने पुढचे दोन बोल्ट सैल करून खांबाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या सरकवायला सुरुवात केली. एक जाड पडली, एक अपुरी पडली. शेवटी दादाच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी, तीन पदरी, बरोब्बर बसली. डोकं दोनशे मिलिमीटर खाली आणलं तरी डायल गेजचा काटा जागचा हलेना. त्याने त्याची चित्रफीत काढून छंदवाल्यांच्या गटात टाकली. चाळीस-पन्नास लोकांनी वाहवा केली. एकाने लिहिलं, एवढा काटकोन कारखान्यातही बघितला नाही. ते वाक्य धाकट्याने दादाला वाचून दाखवलं होतं, आणि दादा म्हणाला होता, कारखान्यात माझ्या गोळ्या नसतात ना.

असं काट्यावर बसवलेलं मशीन, आणि त्यातून निघणारी खाच एका टोकाला ६.०३ आणि दुसऱ्या टोकाला ६.१५.

का, हे धाकट्याला कळलं होतं, निदान अर्धं. मशीन झुकत होतं. कटर पितळेत शिरलं की पितळ त्याला उलट ढकलतं. मोठं मशीन तो धक्का अंगावर घेतं आणि ढिम्म हलत नाही. हे छोटं मशीन मान वाकवतं. त्याने आकडीवाला काटा मशीनच्या डोक्याला अडकवून दहा किलो होईपर्यंत ओढून पाहिलं होतं: चौदा शतांश. आता धाकट्याला औषध सापडल्यासारखं झालं. त्याने पोकळ खांबात रेती आणि राळ कालवून ओतली. घरभर असा वास सुटला की वहिनीने लोकरीच्या पिशव्या गच्चीत नेऊन ठेवल्या. राळ वाळल्यावर पुन्हा ओढलं: तेरा. खालचं लाकडी टेबल काढून सिमेंटची लादी आणली. तेरा. सरकत्या भागांच्या पट्ट्या एवढ्या आवळल्या की हँडल फिरवताना मनगट दुखायला लागलं. तेरा. मग त्याने ओढायचं सोडून कापायचं कमी केलं. एका फेरीत पाव मिलिमीटर, मग त्याच्या निम्मं, मग इतकं बारीक की कटर कापेना, नुसतं घासायला लागलं आणि पितळेवर थरथरीच्या लाटा उमटल्या. गटातल्या लोकांनी सल्ले दिले ते सगळे त्याने करून पाहिले होते. शेवटचा सल्ला होता, मोठं मशीन घे.

दुपारी जेवणं झाली आणि वहिनी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिने टेबलावरचे कॅम नजरेनेच मोजले.

"भाऊजी, होणार आहे की नाही, एवढं सांगा."

"वहिनी, ते असं सांगता येत नाही. खांब झुकतोय. कटर आत शिरलं ना, की..."

"का होत नाही ते नाही विचारलं मी. ते गेले कित्येक दिवस ऐकतेय, मला आता स्वप्नात खांब दिसतो. होणार का नाही होणार?"

धाकट्याने हातातली पिन पेटीत नीट ठेवली. तिची जागा शोधायला त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"चला. आज पहिल्यांदा खरं बोललात. आत्तापर्यंत उद्या, उद्या चाललं होतं." ती रागावलेली नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. "मला उद्या त्या होजियरीवाल्याला फोन करायचाय. हो म्हणायचं तर पिशव्या आज परत द्यायला हव्यात. लोकांना दुसरीकडे जाता येईल."

धाकट्याला वाटलं की सातव्या कॅमसाठी पितळेचा नवा तुकडा घ्यावा आणि काही न बोलता कापायला लागावं. पण सातवाही सहाव्यासारखाच निघणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तेच करण्याइतका तो अजून कामातून गेला नव्हता. त्याने वहिनीला विचारलं, थोडा वेळ हा काटा ओढून धराल का? एका हाताने ओढायचं, दुसऱ्याने दिवा धरायचा आणि वाकून बघायचं हे त्याला एकट्याला जमत नव्हतं. वहिनीने पदर खोचला आणि काटा हातात घेतला. लोकरीचे कोन उचलून उचलून तिचे हात त्याच्यापेक्षा घट्ट होते.

"दहापर्यंत ओढा आणि सोडा. सावकाश."

ती ओढत होती, सोडत होती. धाकटा डायल गेज एकेका जागी लावून कोणता भाग किती हलतो ते बघत होता. डोकं खांबाच्या तुलनेत: दोन शतांश. मशीनचं टेबल बैठकीच्या तुलनेत: एक. खांब स्वतः, वरपासून खालपर्यंत: काट्याने नावाला सुद्धा हालचाल दाखवली नाही. रेती आणि राळ आपलं काम चोख करत होती. खांब दगड झाला होता. मग बाकीचे दहा शतांश येत होते कुठून? त्याची चिडचिड व्हायला लागली. बेरीज जमत नाही ही गोष्ट त्याला शारीरिक त्रास देत असे.

"सोडू का? हात भरून आला."

"एकदाच अजून."

तो गुडघ्यांवर बसला आणि दिवा खाली धरला. खांबाच्या सरकत्या भागाला घातलेलं तेल ओघळून खाली आलं होतं आणि खांब जिथे बैठकीला टेकतो त्या सांध्यात, मागच्या बाजूला, काळसर रेघ होऊन साचलं होतं. वहिनीने ओढलं. तेलाची रेघ आत गेली. सांधा कोरडा दिसला. वहिनीने सोडलं. तेल बाहेर आलं, चकाकलं.

"परत," तो म्हणाला.

तेल आत गेलं. तेल बाहेर आलं. सांधा श्वास घेत होता.

त्या सांध्यात काय आहे हे धाकट्याला बघावं लागलं नाही. पुढे तीन पदरी चंदेरी, मागे एक बारीक रेघेइतकी टेक, आणि मधे सगळी हवा. खांब बैठकीवर बसलेलाच नव्हता. तो दोन कडांवर उभा होता, आणि त्यातली एक कड गोळ्यांच्या पाकिटाची. त्याने खांबाच्या पोटात रेती भरली, खाली सिमेंट घातलं, पट्ट्या आवळल्या. या एकाच जागेला त्याने हात लावला नाही, कारण ही एकच जागा बरोबर आहे असं त्याने मोजून ठरवलं होतं. आणि चंदेरी घालण्याआधी मशीन दहा किलोंना किती झुकतं, हे त्याने मोजलंच नव्हतं. तेव्हा त्याला फक्त काटकोन हवा होता.

"काय झालं? सापडलं?" वहिनीने विचारलं.

"हो."

"मग तोंड असं का?"

त्याने तिला सांगितलं. चंदेरी काढली तर मशीन घट्ट होईल, पण खांब पुन्हा पुढे कलेल. बारा शतांश. सगळा काटकोन मातीत. काटकोन आणि घट्टपणा दोन्ही हवे असतील तर बैठकीचा पृष्ठभाग हाताने खरवडून खरवडून सपाट करायला हवा, आणि ते काम महिन्याचं. बोलताना त्याच्या आवाजात एक हट्ट येत होता, जणू त्याचं म्हणणं कुणी खोडून काढायला निघालंय.

दादा दारात येऊन ऐकत होता. तो म्हणाला, "ते बारा शतांश किती उंचीत?"

"दोनशे मिलिमीटर."

"आणि तुझ्या वहिनीचा कॅम किती उंच आहे?"

हा प्रश्न दादाने नुसता खोडीने विचारला होता. त्याच्या डोक्यात कसलाही हिशोब नव्हता. पण धाकट्याच्या डोक्यात तो आपोआप सुरू झाला आणि थांबवता येईना. कॅमची जाडी चार मिलिमीटर. दोनशेत बारा शतांश, तर चारात एका शतांशाचा चौथा हिस्सा. त्याच्याकडच्या सगळ्यात बारीक पिनेला तो कळणारही नाही. ज्या काटकोनासाठी त्याने मशीन डळमळीत करून ठेवलं, तो काटकोन या कामाला लागतच नव्हता. कधीच लागत नव्हता. पहिल्या कॅमलाही नाही.

त्याने पाना शोधला. तो हातातच होता.

बोल्ट सैल करताना त्याला ती चित्रफीत आठवली, न हलणारा काटा आणि खाली ती चाळीस-पन्नास माणसं. चारही बोल्ट निघाले, खांब दादाने तोलून धरला, पाठीला हात लावत आणि पाठीवरून टोमणा मारत. चंदेरीचे तीन पदर धाकट्याने चिमट्याने ओढून काढले. त्यांवर अजून गोळीच्या नावाची अर्धी अक्षरं होती. त्याने सांधा दोन्हीकडून पुसला, रंगाचा एक पापुद्रा राहिला होता तो पात्याने खरवडला, आणि चारही बोल्ट तिरक्या क्रमाने आवळले. मग सवयीने डायल गेज लावून उंचीत बघितलं. काटा बारा शतांश फिरला. त्याला तो बघवेना, पण त्याने तो पुरता बघितला.

वहिनीने काटा ओढला. दहा किलो.

"किती?" दादाने विचारलं.

"चार."

"मघाशी?"

"तेरा."

"माझ्या गोळ्या बंद केल्यावर गुण आला म्हणायचा," दादा म्हणाला, आणि या वेळी वहिनी हसली. धाकटा हसला नाही. त्याला हसू येण्यासारखं काही दिसत नव्हतं; सहा कॅम, रेती, राळ, सिमेंट, आणि या सगळ्याचं कारण त्याने स्वतःच्या हाताने, अतिशय काळजीपूर्वक, सांध्यात घातलेलं.

पितळेचा सातवा तुकडा त्याने मशीनच्या पकडीत आवळला. कापायला लागल्यावर मशीनचा आवाज वेगळा आला, खरखर जाऊन एकसारखा घरघराट. पितळेचा कीस घासल्यासारखा पिठूळ न पडता कुरळा होऊन उडत होता. तो दर फेरीनंतर थांबून पिन घालत राहिला, कारण आवाजावर विश्वास ठेवायला तो आता तयार नव्हता. एका टोकाला ६.०३. मधे ६.०३. दुसऱ्या टोकाला ६.०४. तो पुन्हा मोजायला लागला तेव्हा वहिनीने कॅम त्याच्या हातातून काढून घेतला.

"पिना राहू देत. मी सांगते." तिने तो ठोकळ्याच्या पोटात बसवला, स्क्रू आवळले, ठोकळा रांगेवर ठेवला. "आधीचा घातला तेव्हा दहा ओळींत सतरा टाके सुटले होते. आता मी ऐंशी ओळी घालते. पाचाच्या आत सुटले तर होजियरीवाल्याला नाही म्हणते. पाच किंवा जास्त असतील तर उद्यापासून कामावर. मग परत कॅमचं नाव काढायचं नाही, कुणी."

धाकट्याला म्हणायचं होतं की ऐंशी ओळींवरून काही सिद्ध होत नाही, निदान पाचशे तरी हव्यात. त्याने ते गिळलं. वहिनीने राखाडी लोकर ओवली आणि ठोकळा ढकलला. सुया एकामागून एक उठल्या, बसल्या. परत. पुन्हा. दादाने ओळी मोजायला सुरुवात केली, मधेच चुकला, वहिनीने हात न थांबवता त्याला आकडा सांगितला. धाकटा भिंतीशी, पिशव्यांच्या शेजारी उभा होता आणि प्रत्येक फेरीला त्याचं बोट आपोआप मांडीवर आपटत होतं. एके ठिकाणी ठोकळा क्षणभर अडखळल्यासारखा झाला, आणि ते बोट मधेच थांबलं. वहिनीने मागे न बघता पुढे ढकलला.

ऐंशीवर ती थांबली. तिने धागा तोडला, कापड सुयांवरून उतरवलं आणि खिडकीशी नेऊन दोन्ही हातांनी ताणून धरलं. दादा एका बाजूने बघायला लागला, धाकटा दुसऱ्या बाजूने. उजेड राखाडी जाळीतून आरपार येत होता. वहिनीने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून बोट फिरवत फिरवत खाली आणलं. मग कापड उलटं केलं आणि पुन्हा एकदा तपासलं.

दोनशे सुया, ऐंशी ओळी. सुटलेले टाके दोन.